लाल रंगाखालची गाडी

पेंटरने फोनवर एवढंच सांगितलं, "दीदी, एक बार आ के कलर देख लीजिए. बाद में मत बोलना." मला वाटलं, लाल रंगाच्या दोन-चार छटा दाखवेल, मी एकीवर बोट ठेवीन आणि पंधरा मिनिटांत घरी परत. गाडीच्या रंगाबद्दल मला शंका असण्याचं कारणच नव्हतं. माझ्या जन्मापासून ती लाल होती.

भिलाईच्या कडेला, हथखोजला, फॅब्रिकेशनच्या शेडांच्या मधोमध त्यांचं गॅरेज आहे. दोघं जण चालवतात, एक पेंटर आणि एक मिस्त्री. रायपूरच्या हौशी लोकांच्या जुन्या गाड्या त्यांच्याकडे येतात आणि लग्नातल्या नवरदेवासारख्या सजून परत जातात, असं मला ऑफिसात कोणी तरी सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा आमची गाडी चार लोखंडी घोड्यांवर उभी होती. चाकं नाहीत, दिवे नाहीत, काचा नाहीत. दोन दारांची ती बुटकी विलायती स्पोर्ट्स कार, जिच्यात बसून जाताना पोरं सायकली सोडून बघत राहायची, ती आता सोललेल्या भाजीसारखी दिसत होती.

पेंटरने ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर वीतभर पट्टा घासून ठेवला होता, पायऱ्यापायऱ्यांनी. सगळ्यात वर आमचा लाल. त्याखाली राखाडी प्रायमर. मग हिरवा. हिरव्याखाली सायीसारखा पांढरट. आणि अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, फिकट निळा.

"कंपनी का असली कलर ये है," तो निळ्यावर नख टेकवून म्हणाला. "आप बोलो, कौन सा मारना है?"

मी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पोलादाचा तुकडा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो कसा तापला, कसा थंड झाला, कुठे चुकला हे सांगणं माझं रोजचं काम. त्या दारावर तर सगळं सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत होतं, आणि तरी मला काही कळत नव्हतं. हिरवी कधी होती ही?

गाडी बाबांनी घेतली ती माझ्या जन्माच्या थोडं आधी. राजहऱ्याकडच्या एका खाणीच्या साहेबाची होती. ती बंद पडली, तिचे पार्ट मिळेनात, साहेबाची बदली झाली. बाबा प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते आणि बंद पडलेली कोणतीही वस्तू त्यांना स्वस्थ बसू देत नसे. भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, सहा फूट उंच, त्याने ती ट्रकला बांधून सेक्टर दहाच्या क्वार्टरपर्यंत ओढत आणली. वर्षभर खपून चालू केली. पुढे निवृत्तीनंतर आम्ही रुआबांध्याला घर बांधलं तेव्हा तीही आली, आणि टिनाच्या शेडखाली हळूहळू थांबली. बाबा गेल्यावर तीन वर्षं कोणी तिचं दारही उघडलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "एक तं वीक, नाई तं चालू कर. मुंगसानं पिल्लं घातली तिच्यात." घरात आम्ही दोघीच. विकायला माझं मन होईना, म्हणून मी चालू करायला काढली.

कागदपत्रांत रंग लिहिलेला असेल म्हणून त्या दिवशी घरी येऊन गाडीचं जुनं पुस्तक काढलं. ते कधी तरी पावसात भिजलेलं. रंगाच्या रकान्यात शाईचा एक निळसर ढग होता, बस. पुण्याला भावाला फोन केला. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. म्हणाला, "लालच कर. लाल सोडून मला काहीच आठवत नाही." मलाही आठवत नव्हतं. पण दारावरचा हिरवा मी डोळ्यांनी पाहिला होता.

आईला विचारलं. ती टीव्हीसमोर बसून लसूण सोलत होती.

"आई, आपली गाडी हिरवी होती का कधी?"

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मी का गाडीत बसून फिरत होती?"

झालं. मी तो विषय सोडला.

आठवड्याने मिस्त्रीचा फोन. या वेळी त्याला सीटबद्दल विचारायचं होतं. त्याने आतला पत्रा उघडा केला होता. ड्रायव्हरची सीट ज्या पट्ट्यांवर सरकते, त्यांना भोकांचे दोन संच होते. एक कंपनीचा. दुसरा चार बोटं पुढे, हाताने पाडलेला, स्टिअरिंगच्या पार जवळ. मग त्याने एक गोणपाटाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. मागच्या सीटच्या पोकळीत सापडलं म्हणाला. आत लाकडाचे तीन ठोकळे होते. प्रत्येकाला खालून बोल्ट, वरून टायरचं रबर ठोकलेलं. त्याने एक ठोकळा क्लचच्या पेडलवर ठेवून दाखवला. बोल्ट बरोबर पेडलच्या भोकात बसला.

"कोई छोटे कद वाला चलाता था," तो म्हणाला. "आपके पिताजी की हाइट कितनी थी?"

मी हात वर करून दाखवली. तो हसला. "तो फिर वो तो नहीं."

ठोकळे घेऊन मी गाडीत, म्हणजे माझ्या रोजच्या गाडीत, बसून राहिले. जुन्या साहेबाची मेमसाहेब असेल, असं आधी वाटलं. मग एक ठोकळा उलटा केला. त्याच्या बुडाशी काळ्या रंगात छापलेली अर्धी अक्षरं होती. रशियन. लहानपणी आमच्या क्वार्टरमधली सगळी स्टुलं, पाट, चपलांचं कपाट अशाच लाकडाचं होतं. रशियाहून प्लांटची मशिनरी ज्या खोक्यांतून यायची, त्या खोक्यांच्या फळ्या बाबा मागून आणायचे. म्हणजे ठोकळे बाबांनी केले. भिलाईत केले. कोणासाठी तरी केले.

सांगायला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात नको ते आलं. बाबांच्या ओळखीत बुटकी कोण होती याची मी यादी करत बसले. शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, बाबांच्या खात्यातली टायपिस्ट. एकेका चेहऱ्याला मी त्या सीटवर बसवून पाहिलं. आईची उंची चार फूट दहा इंच आहे आणि ती माझ्या समोर पोळ्या लाटत होती, पण ती यादीत आलीच नाही. आई रिक्षात बसतानासुद्धा रिक्षावाल्याला तीनदा "हळू जाय बापा" म्हणते.

गाठोडं मी पायऱ्यांखाली ठेवलं. गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघताना आई दारात आली. हातात लाल भाजीची जुडी.

"ते ठोकळे तू कावून लपवून राहिली?"

मी पर्स खाली ठेवली. "तुला माहीत आहेत ते?"

"मायेच तं आहेत."

ऑफिसला मी अर्धी सुट्टी टाकली. ती ओट्याजवळ पाटावर बसली, भाजी निवडत राहिली आणि मान वर न करता बोलत राहिली. बाबांच्या पायावर प्लांटमध्ये लोखंडी प्लेट पडली होती. मांडीपर्यंत प्लास्टर. मी तेव्हा दोन वर्षांची, तुमसरला आजीकडे ठेवलेली. दर आठवड्याला बाबांना दवाखान्यात न्यावं लागे.

"एवढा उंच मानूस, सायकलवर नेऊ का मी त्याईले? रोज कोनाले हात जोडू? तं ते म्हनाले, तू शीक. बाजूच्या सीटवर पाय पसरून बसत आन् सांगत. क्लच दाब. सोड. हळू सोड, म्हसीचं दूध नाई काढून राहिली तू. मले तं समोरचं दिसेच ना. मंग सीट पुढं घेतली, ठोकळे करून देल्ले."

"आणि लायसन?"

"कोन विचारत होतं तवा."

"तू चालवली? रस्त्यावर?"

"आठ-नऊ महिने चालवली. हिरवी गाडीवाली बाई म्हनत मले. पोट्टे मागं धावत." तिने एक सडकं पान बाजूला टाकलं. "मंग त्याईचा पाय बरा झाला. बाजारातून आली एक दिवस तं गाडी लाल."

"तुला न विचारता?"

"मले कायले विचारतीन."

ती रागावलेली वाटली नाही. उलट मलाच राग आला, आणि तो कोणावर आहे ते कळेना. अठरा वर्षांची असताना मी बाबांना म्हटलं होतं, मला ही गाडी शिकवा. ते बोनेट पुसत होते. म्हणाले, "ही जड हाये, तुले नाई झेपणार." आई तेव्हा अंगणात होती, वाळवणावरचे कावळे काठीने हाकत. तिने ऐकलं, आणि पुन्हा कावळ्यांकडे वळली. मी पुढे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. हा प्रसंग मी बऱ्याच जणांना हसत हसत सांगितलेला आहे, बाबांचं गाडीवरचं प्रेम म्हणून. आता तो कसा सांगायचा?

रविवारी आई कपडे वाळत घालत होती. अचानक म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्याईले, रंग बदला म्हनून."

"पण गुरुवारी तू म्हणालीस, न विचारता केला."

"अशी म्हटली?"

"हो. बाजारातून आलीस तर गाडी लाल."

तिने चादर झटकली. "मंग तसं असन."

"दोन्ही कसं असेल?"

"तुले ऑफिसात काई काम नसते का?" असं म्हणून ती आत गेली.

पुढच्या फेरीत पेंटरने स्वतःची अडचण सांगितली. पुढच्या डाव्या मडगार्डवर त्याने हीट गन धरली होती तर बोटभर जाडीची पुट्टी निघाली. पत्रा आत चेपलेला, नुसता ठोकून वर आणलेला, आणि खड्डा पुट्टीने भरलेला. "ज़ोर का लगा है कभी," तो म्हणाला. मी वाकून पाहिलं. हिरवा रंग पत्र्याबरोबर चुरगळला होता. त्यावर पुट्टी. पुट्टीवर लाल. हा क्रम तरी मला वाचता येत होता. गाडी हिरवी असताना धडकली, आणि लाल रंग त्यानंतर लागला. मधे दुसरा कुठलाच रंग नाही.

घरी येऊन मी आईला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला.

"ब्रेक लागले नाईत," ती म्हणाली. "मी दाबला, पुरा दाबला. तलावाच्या पाळीवर निलगिरीचं झाड होतं."

"बाबा होते गाडीत?"

"होते नं. प्लास्टर निघून आठ दिवस नव्हते झाले. तोच पाय पुन्हा आपटला." तिने मोबाइल मला परत दिला. "आनखी दीड महिना प्लास्टर. ड्युटीवर सांगतलं, न्हानीत पडलो. घरच्याईलेही तेच."

मी तिच्या शेजारी बसले. मला वाटलं आता सगळं जुळेल. बाबांनी तिची गोष्ट झाकली, म्हणून रंग बदलला. किंवा तिच्या हातून गाडी काढून घेतली, म्हणून. किंवा तिलाच हिरवी गाडीवाली बाई म्हणून घ्यायचं नव्हतं. तिन्ही गोष्टी त्याच पुट्टीवर चपखल बसत होत्या.

"त्यांनी तुला पुन्हा चालवू दिली नाही का?"

"ते तं म्हनत, बस. रोज म्हनत. मीच नाई बसली."

"मग मला का नाही शिकवली?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती जे बोलली ते तिने चिडून म्हटलं की दुःखाने, हे मी आजही सांगू शकत नाही. "ते त्याईलेच विचाराचं होतं तू."

इकडे गॅरेजमध्ये रंगाचा निर्णय अडला होता आणि मिस्त्री पुढे निघून गेला होता. त्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. जुनं इग्निशन काढून इलेक्ट्रॉनिक लावलं. इथल्या उन्हाळ्यासाठी रेडिएटरला विजेचा पंखा, पुढच्या दोन्ही सीटना पट्टे. प्रत्येक गोष्ट तो मला समजावून सांगे आणि मी मान हलवत असे. एकदा मी म्हटलं, आतून सगळं नवं करायचं, मग रंग तेवढा अस्सल निळाच हवा असा आग्रह का? त्याने आणि पेंटरने एकमेकांकडे पाहिलं. "वो तो शौक की बात है," पेंटर म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "और ब्रेक जान की बात है." हे मात्र मला पटलं.

मी हिरवा सांगितला. पेंटरने दारावरच्या थरावरून रंग मिसळला, पत्र्याच्या तुकड्यावर मारून दिला. मी तो आईला दाखवायला घरी आणला. ती म्हणाली, "हा नव्हता." दुसरा आणला. "हा तं पोपट झाला." तिसऱ्या वेळी पेंटर वैतागला. थर उन्हाने उतरला असेल, पण इतका नाही, दारावर आहे तोच मी मारला, म्हणाला. "माताजी को ही ले आइए."

आई आली. माझ्या ऑफिसच्या कार्यक्रमाला येताना नेसते ती साडी नेसून आली. गाडीकडे ती आधी गेलीच नाही. पेंटरच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली आणि त्याला हिंदीत हुकूम सोडू लागली. "थोड़ा काला डालो. और. अब पीला, थोड़ा सा. बस बोला तो बस." पेंटर मुकाट्याने मिसळत होता. सातव्या तुकड्यावर ती म्हणाली, "हा."

मी तो तुकडा दारावरच्या हिरव्या पट्ट्याला लावून पाहिला. जुळत नव्हता. जवळपासही नव्हता. तिचा हिरवा गडद होता, पाण्यातल्या शेवाळासारखा. दारावरचा कच्च्या वाटाण्यासारखा. पेंटरनेही पाहिलं. त्याने तिच्याच तुकड्यावर खूण केली.

मग ती उठली, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि डाव्या मडगार्डवर तळहात ठेवला. नवा पत्रा बसवलेला, प्रायमरचा राखाडी. मिस्त्रीला तिने एकच विचारलं, "ब्रेक लगता है?"

"एकदम, माताजी. बैठ के देखिए."

"नहीं," ती म्हणाली. "मुझे क्या करना है."

गाडी दिवाळीनंतर घरी आली. शेवाळी हिरवी, इतकी चकचकीत की तिच्यात शेजारच्या घराची गच्ची दिसायची. फोटो पाठवला तर भावाने फक्त एक अंगठा पाठवला. दोन दिवसांनी विचारलं, "ही आपलीच ना?" सीट मी कंपनीच्या भोकांवर बसवून घेतली, मला बरोबर होते. ठोकळे मी जपून ठेवणार होते, पण आईने त्यातला एक वॉशिंग मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली घातला. बाकीचे दोन कुठे आहेत ते ती सांगत नाही.

तीन आठवडे ती गाडीत बसली नाही. मी एकटीच सकाळी फिरवून आणायचे. मग एका मंगळवारी ती पिशवी घेऊन गेटपाशी उभी. दाढ दुखत होती, डॉक्टरची वेळ घेतलेली.

"रिक्षा बोलवू?" मी विचारलं.

"घरी गाडी असून रिक्षा कावून?"

वाटेत तिने मांडीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. पहिल्या वळणावर म्हणाली, "दुसरा टाक." मी टाकला. पुढे, "आता तिसरा. कायले रडवून राहिली तिले." तिचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, ती नुसता आवाज ऐकून सांगत होती, आणि दर वेळी तिचं बरोबर येत होतं.

दवाखान्यात दाढ काढली. ती बाहेर आली तेव्हा गालात कापसाचा बोळा, तासभर बोलायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं. मी परतीच्या वाटेवर विचारायचं ठरवून आले होते. तिचा हा असा नियम झाला होता की घरात विचारलं की उठून जायचं. गाडीतून कुठे जाणार होती? म्हणून बोळा असतानाही विचारलं.

"आई, एकदाच सांग. मान हलव नुसती. लाल रंग त्यांनी स्वतः केला की तू सांगितलं म्हणून?"

तिने हात वर केला. आधी स्वतःकडे नेला, मग समोर, मग डावीकडे झटकला. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच केलं, जरा जोरात.

"म्हणजे तू? की ते?"

तिने काचेवर बोटाने टकटक केली आणि डावीकडे दाखवलं. मी गाडी डावीकडे वळवली. तो आमच्या घराचा रस्ता नव्हता. थोडं पुढे एका झाडाखाली सीताफळांच्या टोपल्या मांडून एक म्हातारी बसली होती. आईने थांबायचा इशारा केला.

ती उतरली. गालावर एक हात धरून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिने भाव केला. म्हातारी छत्तीसगढीत काही म्हणाली, आईने मान हलवून नकार दिला, मग एकेक फळ दाबून पाहू लागली. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. तेवढ्यात मोटरसायकलवरचे दोघे थांबले. गाडीभोवती फिरले, फोटो काढले.

"मॅडम, ओरिजिनल कलर है?" एकाने विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती पाठमोरी होती, खाली वाकलेली.

"पता नहीं," मी म्हटलं. "उनसे पूछिए."

त्याने खरंच जाऊन विचारलं. तिने कापसाच्या बोळ्यासकट त्याला काही तरी लांबलचक सांगितलं. तो मान डोलावत ऐकत होता. माझ्यापर्यंत ते ऐकू आलं नाही.